चौकीतलं डोहाळजेवण

“हात वर कर ग बाई,” मी म्हणाले, आणि म्हटल्यावर माझी मलाच लाज वाटली. पोट चांगलं पुढं आलेली बाई. धड उभं राहता येत नव्हतं तिला. ती हात वर करून कुणावर चाल करून येणार होती?

तिनं मात्र निमूट दोन्ही हात वर केले. काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत घरंगळल्या. हातांना तंबाखूचा उग्र वास होता.

“काय शोधताय?” तिनं विचारलं.

“मला नाही सांगितलं.”

“मग सापडलं तरी तुम्हाला कळणार कसं?”

मी आपली चाचपत राहिले. कनवटीला काहीतरी टणक लागलं. बाहेर काढून बघते तर मीठ लावलेल्या चिंचेचा गोळा.

“हे जमा करावं लागंल का?” ती म्हणाली.

“जमा कशाला, खा. पण तिकडं तोंड करून खा.”

आमची ओळख ही अशी झाली. तिचं नाव यमुना गुंजाळ. विड्या वळणारी. सातवा महिना लागलेला.

आता जरा मागचं सांगते. आणीबाणीतली गोष्ट. आमचे हे तालुक्याच्या पोलीस चौकीत जमादार होते आणि चौकीच्या मागच्या लाइनीत आम्ही राहायचो. दोन खोल्या, वर पत्रा, पदरात एक पोरगी. गावाचं नाव सांगत नाही. त्या चौकीतली माणसं आता म्हातारी झालीत, त्यांच्या सुना मला संक्रांतीला वाण देतात, उगाच कशाला. बाई पोलीस तेव्हा तालुक्याला नसायची. कुणा बाईमाणसाला धरून आणलं की लाइनीतल्या कुणाच्या तरी बायकोला हाक मारायची, झडती घ्यायला आणि राखण बसायला. आम्हाला ना पगार ना टोपी. नवऱ्याची नोकरी ती बायकोचीही, असं सगळेच धरून चालायचे, आम्हीसुद्धा.

त्या दुपारी हे दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “चल जरा. एक बाई आहे.” एवढंच. हे मुळातच कमी बोलायचे, आणि त्या दिवसांत तर सगळा देशच कमी बोलत होता. चौकीत शिरल्या शिरल्या भिंतीवर नवी पाटीच लावलेली होती, कमी बोला, जास्त काम करा.

यमुनेला ठेवलं होतं मुद्देमालाच्या खोलीत. चोरीच्या सायकली, हातभट्टीचे डबे, कुणाची तरी फाटकी गादी. एक खिडकी, तिला गज आणि बाहेरच्या अंगणाकडं उघडणारी लाकडी झडप. ती लावून घेतलेली. यमुनेचा नवरा विडी कामगारांच्या संघटनेत होता. संघटनेची मोठी माणसं आत गेली तसा हा गडी गायब झाला, आणि गायब होऊनही गप्प बसला नाही. दर आठवड्याला कुठून तरी छापलेले कागद निघायचे आणि सकाळी कारखान्याच्या दारात पडलेले असायचे. त्यात मजुरी कापल्याचं असायचं, कोण कुठल्या तुरुंगात आहे ते असायचं, आणि जे रेडिओवर सांगत नसत ते सगळं असायचं. फौजदार बर्गेसाहेबांना वरून रोज फोन यायचा की तो माणूस अजून बाहेर कसा. बर्गेसाहेब वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे, नुकतीच मिशी राखलेली. त्यांनी सोपा मार्ग काढला. नवरा मिळत नाही ना, बायको आणून बसवा. तो हजर होईल तेव्हा ही सुटेल. आणि डायरीत नोंद काही करायची नाही. म्हणजे बाई चौकीत आहे, पण कागदावर ती कुठंच नाही.

झडती झाल्यावर साहेब आत आले.

“नवऱ्याचं नाव सांग.”

यमुनेनं खाली मान घातली. “आमच्यात नाव घेत नाहीत, साहेब.”

“अगं, नाव मला माहीत आहे. तू सांग.”

“माहीत आहे तर मग झालं की.”

मी पदर तोंडाला लावला. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. “कुठं आहे तो?”

“ते त्यांना विचारा.”

“तो भेटला असता तर तुला कशाला आणली असती?”

“ते बी खरंच,” यमुना म्हणाली.

साहेबांचा आवाज चढला. ओरडलीस, कुणाला हाक मारलीस, खिडकीशी गेलीस, तर आजच गाडीत घालून जिल्ह्याला पाठवीन, तिथं तुला कोण विचारणार आहे. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “बाई, हिचं तोंड बंद ठेवायचं काम तुमचं. हिचा आवाज बाहेर गेला तर जमादारांच्या पट्ट्या गेल्या समजा.”

साहेब गेले तशी यमुना गादीवर टेकली. इतका वेळ टक्कर देणारी बाई, एकाएकी लटलट कापायला लागली. मी तिचे पाय जवळ घेतले. पायांवर सूज होती, बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा.

रात्र तिथंच काढली. पोरगी शेजारी ठेवली होती. यमुना काही झोपली नाही. मग बोलत बसली, हळू, कुजबुजत. म्हणाली, “ताई, उद्या माझं डोहाळजेवण होतं.”

“कुठं?”

“शेवंताबाईंच्या दारात. आमच्या कारखान्यातल्या मोठ्या बाई त्या. मला ना सासू ना आई, म्हणून त्यांनी ठरवलं. हिरवं लुगडं पण आणलंय, सगळ्यांनी मिळून.” थोडं थांबून म्हणाली, “त्या मला शोधत असतील. त्यांना काय ठाऊक मी सायकलीत बसलेय.”

तिला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. साहेबांनी सांगितलं म्हणून नव्हे. पण हात ठेवल्यावर कळलं की मी तेच करत होते, साहेबांनी सांगितलेलं, आणि मी हात काढून घेतला.

सकाळी हे चहा घेऊन आले. दोन कप. एक माझ्या हातात दिला, एक तिच्यापुढं ठेवला, आणि भिंतीकडं बघत म्हणाले, “संध्याकाळी गाडी येणार आहे. हिला जिल्ह्याला न्यायचं ठरलंय.”

“या अंगानं?” मी म्हणाले. “त्या रस्त्यानं?”

“मी काय करू? हुकूम आहे.”

“तिथं गेल्यावर?”

तिथं गेल्यावर काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. तेच तर भ्यायचं होतं. चौकीत निदान मी होते. जिल्ह्याला ही बाई कुणी बघितलेलीच नसणार, आणि जी बघितलीच नाही तिचं काय झालं हे विचारायला कोण जाणार? यमुना पोटावर हात ठेवून ऐकत होती. चहा तसाच निवला.

“पाणी भरून ये,” हे मला म्हणाले. “तोवर मी बसतो.”

नळावर ही गर्दी. लाइनीतल्या बायका एका बाजूला, विडीवाल्या एका बाजूला. विडीवाल्यांत शेवंताबाई उगले उभ्या होत्या. त्यांना सगळं गाव ओळखायचं. बोनसच्या मोर्चावर लाठी चालली तेव्हा मनगट मोडलं होतं त्यांचं, ते वाकडंच बसलं. त्या वाकड्या हातानं घागर उचलायच्या आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. त्यांनी मला बघितलं आणि सरळ माझ्याजवळ आल्या.

“जमादारीणबाई, एक विचारू?”

“विचारू नका,” मी म्हणाले.

“बरं. मग तुम्ही सांगा.”

माझ्या मागं आमच्याच लाइनीतली, पोलीस नाइकाची बायको पारूबाई कान टवकारून उभी. तिच्या कानातून साहेबांच्या कानात जायला वाट अगदी सरळ होती. मी घागर नळाखाली लावली.

“तुमच्याकडं आज कुणाचं तरी जेवण होतं म्हणे,” मी म्हणाले.

“होतं ना. डाळ शिजलीय, कणीक तिंबून ठेवलीय. जिचं जेवण तीच सापडंना. मॅनेजर म्हणतो घरी गेली. फौजदार म्हणतात आमच्याकडं कुणी बाईच नाही.”

“डाळ शिजली असंल तर वाया घालवू नये.”

“मग काय करावं म्हणता?”

“गर्भारशीला येववत नसलं तर जेवण तिच्याकडं न्यावं. रीतच आहे.”

शेवंताबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी घागरीकडं बघत राहिले. घागर भरून वाहायला लागली तरी बघत राहिले.

“लांब न्यायला लागंल का?” त्यांनी विचारलं.

“मला काय ठाऊक, बाई. मी आपली पाण्याला आले. पण उशीर करू नये. संध्याकाळी घरातून निघायचं असतं कुणाकुणाला.”

घागर कमरेवर घेतली आणि निघाले. घाईघाईत अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं. पारूबाईनं मागून विचारलं, “काय ग, काय म्हणत होती ती?” मी म्हणाले, “पुरणाला डाळ किती घ्यायची विचारत होती.”

परत आले तर साहेबांनी आम्हा दोघींना आत घालून खोलीला बाहेरून कुलूप लावलं. संध्याकाळपर्यंत दार उघडायचं नाही म्हणाले. किल्ली ह्यांच्याकडं दिली आणि हे फाटकावर जाऊन उभे राहिले. यमुनेला मी काही सांगितलं नाही. सांगून उगीच आशा लावायची आणि कुणी आलंच नाही तर? लाठ्या खाल्लेल्या बायका त्या. पाचजणी एकत्र दिसल्या तरी पकडायचा कायदा होता तेव्हा. घरी पोरं, चुली, कुणाचा नवरा नगरपालिकेत तर कुणाचा शाळेत शिपाई. त्यांनी का म्हणून यावं?

उन्हं कलायला लागली आणि गाणं ऐकू आलं.

आधी लांबून, मग जवळ, मग अगदी फाटकाशी. यमुनेनं मान वर केली. मी झडपेच्या फटीला डोळा लावला. पुढं शेवंताबाई, डोक्यावर पितळी परात. मागं बायकाच बायका. विडीवाल्या तर होत्याच, पण भाजीवाल्या होत्या, शाळेतल्या एक बाई होत्या, शिंपिणीची म्हातारी सासू काठी टेकत आली होती. कुणाच्या हातात पाट, कुणाच्या हातात फुलांचे गजरे, एकीच्या हातावर घडी घातलेलं हिरवं लुगडं. घोषणा नाही, फलक नाही. गाणं म्हणत आल्या आणि अंगणात लिंबाखाली बसकण मारून बसल्या. पाट मांडला. पाटाभोवती रांगोळी सुद्धा काढायला लागल्या.

बर्गेसाहेब बाहेर आले. “हे काय आहे? जमावबंदी आहे ठाऊक नाही का?”

“जमावबंदी जमावाला, साहेब,” शेवंताबाई म्हणाल्या. “हे डोहाळजेवण आहे.”

“चौकीत?”

“घरात ऊन येतं. इथं लिंबाची सावली बरी.”

बायका हसल्या. पण मला फटीतून दिसत होतं, त्यांतल्या कितीतरीजणींनी एकमेकींचे हात घट्ट धरले होते. शिपाई लाठ्या घेऊन ओटीवर उभे राहिले तेव्हा हसणं पार थांबलं. एक पोरसवदा बाई उठून जायला निघाली, तिच्या शेजारणीनं तिला काही म्हटलं नाही, नुसतं तिच्याकडं बघितलं, आणि ती परत बसली.

“जमादार, बाहेर काढा यांना,” साहेब म्हणाले.

हे फाटकापाशी होते. म्हणाले, “साहेब, कसं काढू? बसल्यात त्या.”

“गर्भार बाई कुठंय तुमची?” साहेबांनी शेवंताबाईंना विचारलं.

“ते तर आम्ही काल तुम्हाला विचारलं होतं.”

“इथं कुठलीही बाई नाही. डायरी दाखवू?”

“मला कुठं वाचता येतं? नाही म्हणता तर नाही. आम्ही आपला पाटाला नमस्कार करतो, रिकाम्या पाटाची ओटी भरतो आणि जातो. पण आमच्यात नाव घेतल्याशिवाय ओटी भरत नाहीत, तेवढं झालं की निघालो.” आणि मग त्यांनी खिडकीच्या दिशेनं तोंड करून, मोठ्यानं नाही, पण लांबवर जाईल अशा आवाजात म्हटलं, “यमुने, नाव घे ग, बाळा.”

लिंबावर एक कावळा होता तो तेवढा ओरडला.

यमुनेनं दोन्ही हातांनी पदर तोंडात कोंबला होता. डोळे माझ्याकडं. ती माझी वाट बघत होती, मी तिचं तोंड दाबते की काय म्हणून. आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं माझी पोरगी आली, पत्र्याच्या दोन खोल्या आल्या, ह्यांच्या बाहीवरच्या पट्ट्या आल्या. गप्प बसणं किती सोपं होतं. मी काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. यमुनेला भीतीनं आवाज फुटत नव्हता, माझ्यावर बोल आला नसता.

“नाव घे ग, यमुने,” बाहेरून पुन्हा. या वेळी दोघी-तिघींचा आवाज.

मी उठले आणि झडपेची कडी काढली. उजेड एकदम आत आला, सायकलींच्या आऱ्यांवर, हातभट्टीच्या डब्यांवर, तिच्या तोंडावर.

“घे नाव,” मी म्हणाले.

ती उठली, खिडकीशी आली, गज धरले. तोंड उघडलं. नुसती हवा. “ताई, मला काही सुचंना,” ती पुटपुटली. “तोंडाला कोरड पडलीय.”

लग्नात नवरी अडखळली की करवली मागून सांगते, तशी मी तिच्या पाठीशी उभी राहिले. रात्री तिनं मला विडीचं पान कसं कातरतात ते हातानं करून दाखवलं होतं. तेवढंच माझ्यापाशी होतं.

“विडीच्या पानाला,” मी तिच्या कानात म्हणाले.

“विडीच्या पानाला,” ती म्हणाली. आवाज घोगरा, पण आवाज.

“कातरीची धार.”

“कातरीची धार...” आणि पुढचं मी सांगायच्या आत तिनं मान वर केली, आणि काल दुपारपासून साहेबांना न सांगितलेलं नाव सगळ्या अंगणाला सांगितलं. “निवृत्तीरावांचं नाव घेते, उघडा चौकीचं दार.”

अंगणात जो काही कल्ला उठला. शिंपिणीची सासू काठीनं जमीन बडवायला लागली. साहेबांचा चेहरा मला दिसत होता. त्यांना घाम फुटला होता.

“कोणीतरी आवाज काढतंय,” साहेब म्हणाले. “बाहेरची बाई आहे. खिडकीशी उभी केलीय तुम्हीच. ही कसली यमुना.”

हे धडधडीत खोटं होतं. पण बायका घुटमळल्या. कललेलं ऊन त्यांच्या डोळ्यांवर येत होतं, गजांमागं कोण ते धड दिसत नव्हतं. उद्या साहेब म्हणतील, कोण होती, कुणी बघितली? बायकांचा आवाज काय, कुणाचाही असतो. शेवंताबाईंनी डोळ्यांवर आडवा हात धरला.

“आत आणखी कुणी आहे का?” त्या म्हणाल्या. “दोघींचा आवाज आला मला. दुसरी कोण आहे तिनंही नाव घ्यावं. डोहाळजेवणाला आलेली सवाशीण नाव न घेता जात नाही.”

मला त्या ओळखून होत्या. त्यांना पक्कं ठाऊक होतं दुसरी कोण ते. आणि त्यांनी मला सांगितलं नव्हतं, विचारलं होतं. नाही म्हणायची मोकळीक होती मला.

मी माझ्या नवऱ्याचं नाव लग्नात घेतलं होतं, त्यानंतर कधी घेतलं नव्हतं. चौकीच्या अंगणात, फौजदारापुढं, शिपायांपुढं, आणि खुद्द नवरा फाटकावर लाठी घेऊन उभा असताना घ्यायचं. घेतलं की साक्ष झाली. जमादाराची बायको सांगते म्हटल्यावर त्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

मी यमुनेच्या शेजारी येऊन गज धरले. ह्यांच्याकडं बघितलं. हे माझ्याकडंच बघत होते. चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

“डोईवर टोपी, कमरेला पट्टा,” मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की माझा मलाच परका वाटला. “भागवतरावांचं नाव घेते, यमुना आहे आत, नाही ही थट्टा.”

आता मात्र कुणी कल्ला केला नाही. सगळ्या बायका एकदम फाटकाकडं वळल्या. शिपाईही वळले. साहेब सगळ्यांत शेवटी वळले.

“जमादार,” साहेब म्हणाले, “ही तुमची बायको?”

“होय, साहेब.”

“ती काय म्हणाली ऐकलंत?”

“नाव घेतलं, साहेब. माझंच आहे नाव.”

तेवढ्यात शेवंताबाई उठल्या, लुगडं झटकलं आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “साहेब, तुम्ही म्हणता डायरीत कुणी बाई नाही. आम्ही कुठं तुम्हाला खोटं म्हणतो? नसंल नोंद. मग जी नोंदीतच नाही ती आम्ही नेली तर तुमचं काय गेलं? तुम्हाला वर उत्तर द्यायला नको, आम्हाला तुमच्याकडं यायला नको. आणि बसवूनच ठेवायची असंल तर तेवढी नोंद करा. तारीख घाला, सही करा, आम्ही समोर बसतो.”

साहेबांनी बायकांकडं बघितलं. रस्त्यावर सुद्धा आता माणसं थांबली होती, दुकानांच्या फळ्यांवर पुरुष उभे होते. मला एक सारखं वाटत होतं, हा आता लाठी म्हणेल. म्हणू शकला असता. त्या दिवसांत कुणी विचारणारं नव्हतं. पण लाठी चालवायची ती कुणावर, रांगोळीवर, पुरणपोळीवर, काठी टेकत आलेल्या म्हातारीवर? आणि आतल्या बाईला काही झालं असतं तर जमादाराच्या बायकोनं ते गजांमागून बघितलं असतं. साहेब वळले आणि आत गेले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

हे फाटकावरून चालत आले. ओटीवर चढले, साहेबांच्या दारात उभे राहिले. “साहेब, कुलूप काढू?”

आतून उत्तर आलं नाही.

“काढतो, साहेब,” हे म्हणाले, आणि काढलं.

यमुना बाहेर आली तेव्हा तिला दोन्ही बाजूंनी धरावं लागलं. शेवंताबाईंनी तिच्या खांद्यावर हिरवं लुगडं टाकलं, तोंडात पोळीचा तुकडा कोंबला आणि म्हणाल्या, “बाकीचं घरी. चला ग, गाणं म्हणा.” जशा आल्या तशा गाणं म्हणत गेल्या. यमुनेनं मागं वळून बघितलं नाही, बरंच केलं, मला रडू आलं असतं. परात तेवढी शेवंताबाई विसरल्या. विसरल्या म्हणण्यापेक्षा मुद्दाम मागं ठेवली. साहेबांच्या टेबलावर ठेवून गेल्या, वर केळीचं पान झाकून. गाडी संध्याकाळी आली आणि रिकामी गेली.

पुढचं थोडक्यात सांगते. यमुनेला मुलगी झाली, शेवंताबाईंच्या घरी. निवृत्ती दोन-तीन महिन्यांनी पकडलाच गेला, पण कोर्टात उभा करून, नोंद करून, रीतसर. निवडणुका झाल्यावर सुटला. त्यानं पोरीला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती पोरगी त्याच्या मिशा ओढत होती म्हणे. आमची बदली झाली घाटातल्या एका चौकीत, जिथं वीज नव्हती आणि माकडं पुष्कळ होती. ह्यांच्या पट्ट्या राहिल्या.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. हे घरी आले तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. पोरगी कोपऱ्यात झोपली होती. ह्यांनी पट्टा काढला, खुंटीला लावला, पाय धुतले आणि पाटावर बसले. मी ताट वाढलं. बोलायचं कुणी, हा प्रश्न होता. दोन घास झाल्यावर मला राहवेना.

“साहेब काय म्हणाले?”

“बदली करतो म्हणाले.”

“आणखी?”

“पोळी चांगली होती म्हणाले.”

मला हसू फुटलं. हे हसले नाहीत, पण त्यांनी मान खाली घालून जेवण चालू ठेवलं, आणि त्यांचे खांदे हलताना मला दिसले. परातीतल्या पिठातच हात टेकून मी बसून राहिले. भाकरी तव्यावर करपली तरी उठवेना.

मग मी विचारलं. “एक सांगा. झडतीला नेहमी पारूबाई जाते. काल ती घरातच होती, दारात तांदूळ निवडत. तुम्ही तिच्या दारावरून चालत आलात. मला कशाला हाक मारलीत?”

ह्यांनी करपलेली भाकरी तव्यावरून स्वतःच उचलली, ताटात घेतली, मोडली.

“पारूबाईला गप्प बस म्हटलं की ती बसते,” हे म्हणाले.